टी-शर्टचा रंग आधी, सेपरेशन नंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टी-शर्टवरच्या स्क्रीन प्रिंटिंगविषयी जे लिहिले जाते त्यात यंत्रे, शाया आणि भट्टी यांची माहिती भरपूर असते. फिल्म (प्रत्येक शाईचा भाग काळ्यात छापलेली पारदर्शक शीट, जिच्यावरून स्क्रीन बनते) निघण्याआधी संगणकावर जे काम होते त्याच्या वाट्याला मात्र एखादेच वाक्य येते: 'डिझाइनचे रंग वेगळे करून घ्यावेत.' पांढऱ्या कापडापुरते हे वाक्य भागून जाते. लाल, निळ्या, काळ्या, पिवळ्या सुती टी-शर्टवर छापायचे असेल तर माल वाया जाण्याची बरीचशी कारणे याच वाक्यात दडलेली असतात. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना आणि छापून घेणाऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, टी-शर्टचा रंग ठरल्याशिवाय सेपरेशनला, म्हणजे डिझाइनचे रंग शाईनुसार वेगळे करण्याला, हात लावू नये आणि एका रंगासाठी केलेल्या फिल्म दुसऱ्या रंगावर न तपासता चढवू नयेत.

कारण साधे आहे. कागदावरच्या चौरंगी छपाईत पांढरा रंग छापलाच जात नाही, तो कागद देतो. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाया पारदर्शक असतात. उजेड त्यांच्यातून खाली जातो, पांढऱ्या कागदावरून परततो आणि मग रंग दिसतो. खाली गडद कापड आले की परतायला उजेडच उरत नाही. म्हणून रंगीत कापडासाठी चित्र चार रंगांत फोडण्याचा मार्ग सुरुवातीलाच सोडून द्यावा. इथे झाकणाऱ्या शाया लागतात, त्यांच्याखाली पांढरा बेस, म्हणजे पांढऱ्या शाईचा थर, लागतो, आणि तो बेस कुठे असावा, कुठे नसावा, कुठे किती टक्के असावा हाच सेपरेशनचा गाभा ठरतो.

खंड्या पक्ष्याचे चित्र घेऊ. तपकिरी डोके, पांढरी छाती, निळी पाठ, लाल चोच, काळे डोळे आणि पिसांच्या काळ्या रेषा. काळ्या टी-शर्टवर काळ्या शाईची स्क्रीन (शाई आरपार सोडणारी ताणलेली जाळी) लागतच नाही. डोळा आणि रेषा यांच्या जागी बेसमध्ये मोकळी जागा ठेवली की कापडच काळा रंग देते. आता हाच संच लाल टी-शर्टवर चढवला तर डोळे लाल होतात, पिसांच्या रेषा लाल होतात आणि पक्षी आजारी दिसतो. इथे काळी स्क्रीन हवीच. पिवळ्या टी-शर्टवर उलटे घडते. तपकिरी आणि काळ्याखाली बेसची गरज फारशी नसते, लाल चोच थेट पिवळ्यावर छापली तर किंचित उबदार दिसते आणि चालते. पण पाठीचा निळा थेट पिवळ्यावर पडला की हिरवट होतो, तेव्हा निळ्याखाली आणि छातीखाली बेस ठेवावा लागतो. गडद निळ्या टी-शर्टवर पाठ कापडात विरून जाते. त्यावर सेपरेशनमध्ये इलाज नाही. मूळ चित्रातच पाठीचा निळा उजळ करावा लागतो किंवा फिकट बाह्यरेषा द्यावी लागते, आणि हे चित्रकाराला फिल्म निघण्याआधी कळायला हवे.

म्हणून कामाची सुरुवात कापडाच्या तुकड्यापासून करावी. तो दिवसाच्या उजेडात पाहून संगणकावर सर्वांत खालच्या लेयरमध्ये तोच रंग भरावा आणि चित्र त्यावर ठेवावे. पांढऱ्या पडद्यावर सुंदर दिसणारे चित्र इथे लगेच आपले दोष दाखवते. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे पांढरी झालर. चित्र पूर्वी पांढऱ्या पार्श्वभूमीवर होते, पार्श्वभूमी घाईने कापली, कडेचे अर्धपांढरे पिक्सेल तसेच राहिले. सावली किंवा तेजोवलय पांढऱ्यावर बनवलेले होते. काळ्या टी-शर्टवर हे सगळे राखाडी कडे बनून छापले जाते. कड साफ करून चित्र पारदर्शक पार्श्वभूमीवर घ्यावे आणि सावली कापडाच्या रंगावर नव्याने बांधावी. चित्र छपाईच्या खऱ्या मापात, इंचाला ३०० पिक्सेल, आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) असावे. सवयीने ते सीएमवायके (कागदी छपाईच्या चार रंगांत) केले की उजळ निळे, हिरवे, नारिंगी तिथेच मंदावतात आणि नंतर परत येत नाहीत.

सपाट रंगांचे, रेषांचे डिझाइन असेल तर कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये प्रत्येक रंग स्पॉट रंग म्हणून, म्हणजे स्वतंत्र शाई म्हणून, नेमावा. एकाच लालाच्या तीन किंचित वेगळ्या छटा फाइलमध्ये राहिल्या तर तीन फिल्म निघतात, हे आधी तपासावे. बेस बनवताना सर्व रंगीत आकार एकत्र जोडावेत, त्यातून काळ्याची जागा वजा करावी आणि मग आलेली कड सगळीकडून ०.२ ते ०.३५ मिलिमीटर आत ओढावी. यालाच चोक म्हणतात. ०.३५ मिलिमीटर म्हणजे जवळपास १ पॉइंट. हातमशीनला वरची मर्यादा धरावी. नीट बसवलेल्या स्वयंचलित यंत्राला त्याच्या निम्मा चोकही पुरतो. चोक कमी पडला तर रंगाच्या बाहेर पांढरी कड डोकावते. जास्त झाला तर रंगाची कड बेसशिवाय कापडावर पडते आणि आकाराभोवती मळकट पट्टी दिसते. लाल टी-शर्टवर पिवळे अक्षर असेल तर ती पट्टी नारिंगी दिसेल. चोक जोडलेल्या आकाराच्या कडांनाच द्यावा. दोन रंग जिथे एकमेकांना भिडतात तिथे खाली बेस अखंड राहिला पाहिजे. प्रत्येक रंगाचा बेस वेगळा करून वेगळा चोक दिला, तर रंगांच्या सांध्यावर कापडाची रेघ उमटते. ही चूक आम्हाला वारंवार दिसते.

रंगारंगांतला ट्रॅप, म्हणजे शेजारच्या रंगाखाली सरकवलेली कड, ही वेगळी गोष्ट आहे. फिकट रंग गडद रंगाखाली ०.२ ते ०.३ मिलिमीटर सरकवावा, गडद रंगाचा आकार तसाच ठेवावा, म्हणजे डोळ्याला दिसणारी रेषा बदलत नाही. काळा शेजारच्या रंगांवर आणि बेसच्या कडेवर चढलेला असावा.

फोटो किंवा छायाभेद असलेले चित्र असेल तेव्हा खरे कसब लागते. फोटोशॉपमध्ये प्रत्येक शाईसाठी एक स्पॉट चॅनल घ्यावा. कलर रेंजने रंग निवडावा, निवड चॅनलमध्ये भरावी आणि कर्व्हने (छटा कमी-जास्त करण्याच्या साधनाने) घट्ट किंवा सैल करावी. काळ्या टी-शर्टवर भरगच्च चित्र साधारण ६ ते ८ स्क्रीनमध्ये बसते: बेस, चार-पाच रंग, लागल्यास राखाडी आणि शेवटी हायलाइट पांढरा. चॅनल निवडताना मोह होतो तो प्रत्येक छटेला वेगळी शाई देण्याचा. तपकिरी डोक्याला वेगळी तपकिरी शाई लागेलच असे नाही. लाल आणि नारिंगीचे डॉट म्हणजे बारीक ठिपके शेजारी पडून, खालच्या विरळ बेसमधून काळे कापड डोकावले तरी तपकिरी उभा राहतो. कापडाला आठवी शाई मानून काम केले की एखादी स्क्रीन वाचते.

बेसचा चॅनल काळ्या टी-शर्टसाठी चित्राच्या राखाडी प्रतीवरून काढतात. ती प्रत उलट केली की उजळ भागात बेस दाट आणि काळोखात शून्य होतो. पण राखाडी करताना शुद्ध लाल आणि निळा हे फार गडद मोजले जातात, त्यामुळे त्यांच्याखाली बेस अपुरा पडतो आणि लाल चोच विटकरी छापली जाते. तिथे हाताने भर घालावी लागते. लालाखाली ७०-८० टक्के, पिवळ्या आणि फिकट रंगांखाली पूर्ण, गडद निळ्या-जांभळ्याखाली बराच कमी, अशा अंदाजाने सुरुवात करून कापडावर पाहून बदल करावा. सगळीकडे शंभर टक्के बेस भरणे हा सोपा मार्ग आहे, पण त्याने छाप पुठ्ठ्यासारखी कडक होते, अंगाला चिकटते आणि सावल्यांची खोली जाते. आणि ही उलट केलेली प्रत काळ्यासाठीच आहे. लाल टी-शर्टवर 'शून्य बेस' म्हणजे काळोख नव्हे, लाल. तिथे सावल्या काळ्या किंवा गडद तपकिरी स्क्रीनने द्याव्या लागतात आणि लालाच्या जवळच्या छटांनाच कापडाच्या हवाली करता येते. एका क्लिकमध्ये सेपरेशन करून देणाऱ्या तयार ॲक्शन बहुधा काळे कापड गृहीत धरतात. त्या वापरायला आमची हरकत नाही. त्यांनी काढलेला बेस मधल्या रंगांच्या टी-शर्टवर डोळे झाकून वापरायला आहे.

हायलाइट पांढऱ्याचा चॅनल अगदी कंजूषपणे भरावा. छातीची पिसे, डोळ्यातला चमकता ठिपका, चोचीवरची तिरीप, बस. बेसचा पांढरा फ्लॅशखालून (थर वरवर सुकवणाऱ्या तापकाखालून) जातो, त्यावर पुढच्या स्क्रीन दाबल्या जातात, तो मळतो. शेवटी पडलेला हा थोडासा पांढरा चित्राला जिवंत करतो.

आता हाफटोन, म्हणजे लहान-मोठ्या डॉटनी छटा दाखवणे. डॉट किती बारीक घ्यायचा हे हौसेने ठरवू नये, ते मेश, म्हणजे स्क्रीनची विणलेली जाळी, ठरवते. ९०टी म्हणजे सेंटिमीटरला ९० धागे. एका धाग्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ०.११ मिलिमीटर. इंचाला ५५ ओळींच्या (डॉटच्या रांगांच्या) हाफटोनमध्ये ५ टक्क्यांच्या डॉटचा व्यास साधारण ०.१२ मिलिमीटर भरतो, म्हणजे कसाबसा एका घराएवढा. ३ टक्क्यांचा डॉट ०.०९ मिलिमीटर. तो धाग्यांच्या गाठीवर बसला की बंदच होतो आणि उजळ भागातली छटा चट्ट्याचट्ट्यांनी गळते. तोच ३ टक्क्यांचा डॉट ४५ ओळींवर घेतला तर ०.११ मिलिमीटर होतो आणि निदान उभा राहण्याची शक्यता तरी असते. इंचातले धागे भागिले ४ ते ५ हा जुना हिशेब याच कारणाने टिकून आहे: इंचाला २३० धाग्यांच्या म्हणजे ९०टी मेशवर ४५ ते ५५ ओळी, ३०५ च्या म्हणजे १२०टी मेशवर ६० च्या आसपास. सपाट बेसला ४३टी ते ६१टी, हाफटोन बेसला ७७टी ते ९०टी, वरच्या रंगांना ९०टी ते १२०टी असे धरून चालावे. बेसला फार उघडा मेश घेतला तर झाकण्याची ताकद वाढते, पण डॉटच्या कडा करवतीसारख्या होतात.

कोन सगळ्या स्क्रीनना २२.५ अंश आणि डॉट लंबगोल ठेवावा. कागदी छपाईत प्रत्येक रंगाचा कोन वेगळा असतो, म्हणून हे ऐकून ऑफसेटवाल्यांना आश्चर्य वाटते. इथे शाया झाकणाऱ्या आहेत, रंगांचे मिश्रण मुख्यतः शेजारी पडून होते आणि वरचा डॉट बेसच्या डॉटवर बसलेला हवा असतो. एकच कोन असला की तो बसतो. मात्र बेसचा डॉट वरच्यापेक्षा मोठा राहिला तर कडेने पांढरे फुटते, तेव्हा बेसच्या चॅनलवर कर्व्ह थोडा खाली ओढावा. मोआरे म्हणजे जाळीदार लाटा बहुधा डॉट आणि धाग्यांच्या भांडणातून येतात. फिल्म ताणलेल्या कोऱ्या स्क्रीनवर ठेवून खालून उजेड धरला की त्या इमल्शन (उजेडाने कडक होणारा लेप) लावण्याआधीच दिसतात. ओळींची संख्या दोन-तीनने बदलून पाहावी. इंडेक्स पद्धतीत चौकोनी, विखुरलेले, एकाच मापाचे ठिपके असतात, त्यामुळे कोन आणि मोआरे हा प्रश्नच येत नाही. पण छटा गुळगुळीत यायच्या तर शाया जास्त लागतात.

डॉट कापडावर फुगतो, हे गृहीत धरूनच फिल्म काढावी. फिल्मवरचा ५० टक्क्यांचा डॉट सुती कापडावर ६५ ते ७५ टक्क्यांसारखा दिसणे नेहमीचे आहे. ८५-९० च्या पुढचे सगळे मिटून सपाट होते. यासाठी ५ पासून ९५ पर्यंत पायऱ्यांची पट्टी एकदा स्वतःच्या स्क्रीनवर, स्वतःच्या शाईने, बेससकट छापून पाहावी. कितव्या पायरीला पहिला डॉट धरतो, कितव्या पायरीपासून डॉट मिटतात, मधली पायरी किती गडद दिसते हे भिंगातून पाहून लिहून ठेवावे आणि त्यावरून कर्व्ह करावा. ५० ची जागा ३५ च्या आसपास येते, पण दुसऱ्याचा कर्व्ह उसना घेऊ नये. स्क्वीजीची (शाई ओढायच्या रबरी पट्टीची) धार, दाब, मेशचा ताण, इमल्शनची जाडी यांतले काहीही बदलले की आकडा बदलतो.

फिल्मच्या काळेपणाबद्दल हयगय होते आणि दोष एक्स्पोजिंगवर, म्हणजे फिल्ममधून इमल्शनवर उजेड पाडण्यावर, ढकलला जातो. फिल्म उजेडावर धरून काळ्या भागातून दिव्याचा आकार दिसत असेल तर ती कच्ची आहे. घनता मोजता येत असेल तर ३ च्या वर हवी. कच्च्या काळ्यातून अतिनील किरणे झिरपतात, बारीक डॉटखालचे इमल्शन अर्धवट कडक होते आणि धुताना उघडत नाही. मग एक्स्पोजरचा वेळ कमी केला जातो. डॉट उघडतात खरे, पण बाकीचे इमल्शन कच्चे राहते, पिनहोल पडतात, आणि माल अर्धा छापून झाल्यावर स्क्रीन फाटते. लेझर प्रिंटरच्या फिल्ममध्ये आणखी एक अडचण असते: प्रिंटरच्या उष्णतेने शीट आक्रसते आणि प्रत्येक शीट सारखीच आक्रसते असे नाही, त्यामुळे बेस आणि रंग नीट जुळत नाहीत. कोरी शीट एकदा प्रिंटरमधून फिरवून मग छापली तर फरक कमी होतो. बारीक रजिस्ट्रेशनच्या (रंगांच्या जुळणीच्या) कामाला इंकजेट फिल्म बरी. फिल्म सुलट वाचता येईल अशी, शाईची बाजू वर ठेवून स्क्रीनच्या टी-शर्टकडच्या बाजूला टेकवावी. शाई आणि इमल्शन यांच्यामध्ये फिल्मची जाडी आली की बारीक डॉट उजेडाच्या तिरप्या किरणांनी खाल्ले जातात. पिवळ्या रंगाचा मेश ही तिरपी किरणे अडवतो. त्याला एक्स्पोजर जास्त द्यावे लागते एवढेच.

प्रत्येक फिल्मवर वर, खाली आणि दोन्ही बाजूंना रजिस्ट्रेशनच्या बारीक खुणा, मध्यरेषा, शाईचे नाव, छापण्याचा क्रमांक, मेश, ओळी आणि टी-शर्टचा रंग लिहिलेला असावा. शेवटची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. सहा महिन्यांनी तेच डिझाइन पुन्हा आले की फिल्मची पिशवी उघडली जाते आणि काळ्यासाठीचा बेस हिरव्यावर जातो. सगळ्या फिल्म उजेडाच्या टेबलावर एकावर एक ठेवून पाहिल्याशिवाय स्क्रीन एक्स्पोज करू नये.

क्रम असा: बेस, फ्लॅश, थोडे थंड होऊ देणे, मग फिकटाकडून गडदाकडे रंग, काळा, शेवटी हायलाइट पांढरा. फ्लॅश शाई बोटाला लागणार नाही इतपतच द्यावा. बेस तिथेच पूर्ण पिकला तर वरचा थर त्याला नीट धरत नाही आणि धुतल्यावर सोलला जातो. नेहमीच्या प्लास्टिसोल शाईला पूर्ण पिकायला थराच्या तळापर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात. ते काम शेवटच्या भट्टीचे. सुती कापड फ्लॅशखाली ओलावा सोडून आक्रसते. म्हणून फिल्म अचूक असूनही पहिल्या काही प्रतींत रंग सरकलेले दिसतात. टी-शर्ट चढवायच्या फळ्या आधी तापवून घ्याव्यात आणि कोरा टी-शर्ट फळीवर ताणून एकदा फ्लॅशखाली धरावा, मग बेस मारावा. स्क्रीनचा ताण सगळ्यांचा सारखा, सेंटिमीटरला २० ते २५ न्यूटन असावा. एक स्क्रीन ढिली असेल तर चोक वाढवून तो दोष झाकण्याचा प्रयत्न होतो, आणि मग मळकट पट्टी येते.

एकच डिझाइन पाच रंगांच्या टी-शर्टवर हवे अशी मागणी नेहमीच असते. पाच संच काढायची गरज नाही. रंगांच्या फिल्म समान ठेवाव्यात, काळ्याची फिल्म पहिल्यापासून वेगळी काढावी आणि बेस तीन काढावेत: काळ्या-गडदासाठी, लाल-हिरव्यासारख्या मधल्यांसाठी आणि पिवळ्या-फिकटांसाठी. काळ्या टी-शर्टला काळी स्क्रीन वगळायची, बाकीच्यांना लावायची. सगळ्या फिल्मवर खुणा एकाच जागी असल्या की फक्त बेसची स्क्रीन बदलून काम पुढे जाते. हे साधायचे तर रंगांची यादी पहिल्याच दिवशी हातात हवी. छापून घेणाऱ्यांना विनंती आहे की डिझाइनच्या फाइलसोबत टी-शर्टचे सर्व रंग आणि प्रत्येकी नग लिहून द्यावेत, आणि 'दोन रंग नंतर वाढवले' असे छपाई सुरू झाल्यावर सांगू नये.

डिस्चार्ज पद्धतीविषयी थोडे. तिच्यात पांढरी शाई थापण्याऐवजी कापडाचाच रंग उडवला जातो, त्यामुळे बेस हाताला जवळपास लागत नाही. शाईत झिंक फॉर्मल्डिहाइड सल्फोक्सिलेट मिसळतात, बहुधा ६ टक्क्यांच्या आसपास, आणि भट्टीच्या उष्णतेत ते काम करते. पण रिॲक्टिव्ह रंगाने रंगवलेल्या सुती कापडावरच ते खात्रीने चालते. फिरोजी आणि काही गडद निळे-हिरवे रंग नीट उडत नाहीत, पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात तो धागा तसाच रंगीत राहतो. मिश्रणाला काही तासांचेच आयुष्य असते, वास उग्र असतो, हवा खेळती लागते आणि छापलेला टी-शर्ट घालण्यापूर्वी धुवावा लागतो. सेपरेशन करणाऱ्याला हे आधी माहीत हवे, कारण उडालेला रंग शुभ्र होत नाही, मलईसारखा राहतो, आणि वरच्या फिकट रंगांचा तोल त्याप्रमाणे बदलावा लागतो.

मंजुरीसाठी पडद्यावरचे चित्र पाठवून भागवू नये. खऱ्या टी-शर्टवर, खऱ्या क्रमाने एक नमुना छापावा, पिकवावा, पूर्ण थंड झाल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावा, ताणून पाहावा आणि दोन-तीनदा धुऊन पाहावा. ताणल्यावर रंगाच्या भेगांतून पांढरे दिसले तर वरच्या रंगाचा थर किंवा त्याचा डॉट कमी पडला आहे. कापडच दिसले तर बेसही तुटला आहे, आणि त्याचे कारण बहुधा भट्टी अपुरी असणे हे असते. टी-शर्टच्या जितक्या रंगांवर छापायचे आहे तितक्या रंगांवर हा नमुना घ्यावा.

आपले,
टी-शर्ट छपाईच्या कामातील काही वाचक